कोपऱ्याची काळजी

"उजवा कोपरा बघा, उजवा! कोपरा कसला, उघडा दरवाजा आहे नुसता!"

सहादू आप्पा हे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला सांगत होते, पण ऐकलं अख्ख्या मैदानानं. आप्पांचा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. गाडी सुटली, तरी आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचत होता.

शेजारच्या खुर्चीत ललित होता, लासलगावच्या मुलींचा प्रशिक्षक. तो हसला. "आप्पा, तुम्ही गंगापूर रोडचे ना? मग आमच्या बाकाजवळ कसे?"

"तिकडं ऊन तोंडावर येतं," आप्पा म्हणाले आणि खिशातून पेरू काढला.

कोपऱ्याच्या काळजीनं आप्पांना आठवडाभर धड झोप नव्हती. गंगापूर रोडच्या मंडळाच्या कबड्डी संघाचे गेल्या वर्षीचे दोन्ही कोपरे, म्हणजे कडेला उभं राहून चढाईवालीचा घोटा धरणाऱ्या मुली, एकदमच गेले होते. एकीला पोलिसात नोकरी लागली, दुसरी लग्न होऊन धुळ्याला गेली. त्यांच्या जागी आता हरसूलकडच्या दोन पोरी होत्या. उजवीकडे राखी, डावीकडे पिंकी. दोघींनी या वर्षापर्यंत मॅटवर पाय ठेवला नव्हता. आणि मंडळानं तर स्पष्ट सांगून टाकलं होतं, या वेळी अंतिम फेरी गाठली नाही, तर मुलींचा संघ बंद. आज उपांत्य सामना होता. हरल्या, तर पोरी सकाळच्या गाडीनं हरसूलला परत.

शिट्टी वाजली. लासलगावची स्नेहल चढाईला आली आणि सरळ राखीकडे वळली. राखीनं घोटा धरला, पण हात सुटला. स्नेहल रेषा ओलांडून परत गेली. राखी खाली मान घालून मनगट चोळत मैदानाबाहेर बसली.

"सांगितलं होतं की नाही!" आप्पांनी कपाळावर हात मारला. "पोरीच्या हाताला तेल लावलंय का काय! राखी, अगं, भाकरी तरी धरता येते का तुला?"

लोक हसले. ललितही हसला आणि त्यानं आपल्या मुलींना बोटानं काहीतरी खुणावलं.

पुढच्याच चढाईत मंडळाला गुण मिळाला आणि राखी परत आत आली. लासलगावच्या मुली पुन्हा पुन्हा तिच्याच अंगावर जाऊ लागल्या. कधी गुण घेऊन परतल्या, कधी राखीच्या हाती सापडल्या. सापडल्या की आप्पा म्हणायचे, "तुक्का! आंधळ्यानं दगड मारला, आंबा पडला. रोज पडतो का?"

एकदा मात्र स्नेहल चुकून डावीकडे गेली. पिंकी गोंधळली, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडली. स्नेहल सहज हात लावून परत गेली. त्या वेळी आप्पा पेरू खात होते. बी दातात अडकलं असावं. त्यांनी मान खाली घालून खूप वेळ दात कोरले आणि वर बघितल्याबरोबर पुन्हा सुरू केलं, "राखी, तू झोपलीस का गं तिकडं?"

मध्यंतराला बाजू बदलल्या. लासलगावचा बाक पलीकडे गेला. आप्पाही आपली खुर्ची उचलून पलीकडे गेले.

"आता तर इकडं ऊन आहे, आप्पा," ललित म्हणाला.

"म्हाताऱ्या हाडांना बरं असतं."

मंडळाची प्रशिक्षक हर्षाली तरातरा त्यांच्याकडे आली. वाकून हळू बोलली, पण रागानं. "आप्पा, पोरीला सगळं ऐकू जातं हो. किती बोलाल? अशानं तिचं मन खचेल."

"खचली तर बाहेर बसव," आप्पा मोठ्यानं म्हणाले. "मी खरं तेच बोलतो."

हर्षाली पाय आपटत निघून गेली. ललितनं आप्पांना आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. "तुमचं म्हणणं बरोबर आहे, आप्पा. नजर आहे तुम्हाला."

"नजर आहे म्हणून तर जीव जळतो, बाबा."

शेवटची चढाई आली तेव्हा मंडळ एका गुणानं पुढे होतं. स्नेहलला एक गडी बाद करून परत जायचं होतं, की बरोबरी. आप्पा उभे राहिले. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली, आणि ही काळजी खोटी नव्हती.

स्नेहल मध्यावर थांबली. एक पाय डावीकडे टाकला. पिंकी दोन पावलं मागे सरकली.

"राखीला हलवा तिथनं!" आप्पांचा आवाज फाटला. "घात होणार! घालवणार ही पोरगी!"

"राखीकडं!" ललित ओरडला.

स्नेहल वळली. राखीनं तिला येऊ दिलं, अगदी जवळ येऊ दिलं, आणि मग घोटा असा धरला, की स्नेहल जागची हलली नाही. बाकीच्या मुली धावून येईपर्यंत तिची चढाई संपलीसुद्धा होती. शिट्टी वाजली. हर्षालीनं हाताशी आलेल्या पिंकीलाच उचलून गरागरा फिरवलं.

ललितनं कपाळ पुसलं. "तुमचं नशीब, आप्पा."

"नशीबच म्हणायचं," आप्पा म्हणाले.

मैदान ओसरल्यावर राखी एकटीच त्यांच्याकडे आली. लांबून बघणाऱ्या हर्षालीला वाटलं, आता ही म्हाताऱ्याला चार शब्द सुनावणार, आणि सुनावावेतच. राखी वाकून आप्पांच्या पाया पडली. आप्पांनी उरलेला पेरू तिच्या हातात ठेवला.

"पहिला घोटा लय लवकर सोडलास," ते पुटपुटले. "मुद्दाम सोडलेला पोरी ओळखतात."

"उद्या नाय सोडत एवढ्या लवकर," राखी पेरूचा चावा घेत म्हणाली. "पण आप्पा, फायनललाबी शिव्या मलाच द्या हां. पिंकीचं नाव चुकून नका घेऊ."

"वेडे," आप्पा खुर्चीची घडी घालत म्हणाले, "ज्या कोपऱ्याची काळजी असते, त्याचं नाव घेतो का मी कधी?"