पेजेवरचा थेंब

साखर चारशे दहा. निलेशने रिपोर्ट यशोदाकाकीच्या हातात दिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

गेल्या सोमवारी तीनशे साठ होती. कट्टा गावच्या बाजारात निलेशची रक्ततपासणीची लॅब होती, पण आपल्या जुन्या सरांचं, म्हणजे काकीच्या नवऱ्याचं, रक्त न्यायला तो स्वतः घरी यायचा. सरांचा एक पाय मे महिन्यातच गुडघ्याखाली कापला होता. आता दुसऱ्याचा अंगठा काळा पडला होता. साखर उतरली नाही तर तोही पाय जाईल, आणि मग जिवाची खात्री नाही, असं ओरोसच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"काकी, गोड काय देतास काय?"

"देवाशपथ नाय रे! यंदा आंबोसुद्धा चाखूक दिलंय नाय."

"आणि भात?"

"नुसती पेज. पण ती साधी नाय." काकीचा चेहरा जरा खुलला. "ये, दाखयतंय तुका."

चुलीवर पेज रटरटत होती. सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतून मागवलेलं आम्ल तिच्यात थेंब मोजून घालायचं, दोन तास उकळायचं, मग फेस थांबेपर्यंत खायचा सोडा टाकायचा. काकी सातवी शिकलेली, पण नवऱ्याने सांगितलेलं सोवळ्यातल्या नैवेद्यासारखं करायची. तिने बशीत चमचाभर पेज घेतली आणि वर आयोडीनचा थेंब सोडला.

"बघ. साध्या पेजेर टाकलंय तर काळीनिळी होता. ही झाली? नाय! म्हणजे हेच्यातलो भात संपलो. ह्येंनीच शिकवल्यानी माका. भाताबगर माणूस जगतलो कसो? आता तीन येळ पोटभर खातत."

निलेश बशीकडे बघत राहिला.

"तरी साखर चढता," काकी चुलीत लाकूड सारत म्हणाली. "माझ्याच हातान काय चुकता काय रे? अजून तासभर उकळू?"

बाईने कशात कसूर ठेवली नव्हती, आणि माणूस डोळ्यांदेखत झिजत होता. एखाद्याचं नशीबच फुटकं असतं.

निलेश बशी घेऊन पुढच्या खोलीत गेला. सर खाटेवर पडून होते.

"सर, ही पेज..."

"निलेश." आवाज खोल गेलेला, पण फळ्यापुढचाच. "विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही."

काकी मागून आली आणि रडतारडता हसली. "ह्येंची मास्तरकी काय सुटणा नाय."

सरांनी रिपोर्ट मागून घेतला, आकडा वाचला आणि तो उशीखाली ठेवला.

"यशोदा, पेज हाड. भूक लागली."

काकी पेज आणायला लगबगीने आत गेली. निलेश उंबऱ्यात उभाच राहिला. आम्लात उकळलेली पेज आयोडीनने निळी होत नाही, कारण तिची साखर झालेली असते, हा धडा त्याला अकरावीत सरांनीच शिकवला होता.