वळणापलीकडे

"तुम्ही किती भाग्यवान! रोज उठलं की समोर हा तलाव," पाहुणी म्हणाली. लॉजवाल्यांची सून नुसतीच हसली. तलावाकडच्या सगळ्या खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसायची. "चला आमच्याबरोबर पोहायला," पाहुणीने आग्रह केला. नवऱ्याने परस्पर सांगितलं, "तिला पाण्याची भीती वाटते हो." लग्नाआधी ती तासन्‌तास पोहायची, तिला पाण्यातून ओढून बाहेर काढावं लागायचं. हातातली किटली त्याच्यासमोर ठेवून ती पायऱ्या उतरली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली. "अगं, नाश्त्याचं कोण बघणार?" तो ओरडत राहिला. सपासप हात मारत ती काठाच्या वळणापलीकडे जाऊन दम खायला थांबली. तिथेही लॉजच होतं. अंगणात चादरी वाळत घालणारी बाई तिच्याकडे बघतच राहिली. हिने पाण्यातून हात उंचावला. बाईने आधी मागे दाराकडे पाहिलं, मग हळूच हात हलवला.