‘ळ’चं भांडण

फुकट मिळणाऱ्या एका ओपन सोर्स मराठी कीबोर्डवर ‘ळ’ कुठं ठेवायचा आणि ते ठरवायचं कुणी, यावरून तो बनवणाऱ्यांत सहा महिने भांडण चाललं होतं. गडहिंग्लजात एकटेच राहणारे सोमशेखरअण्णा मध्यस्थ होते. दोन्ही गट त्यांना रोज फोन करायचे, "अण्णा, तुम्हीच सांगा की त्यांस्नी!"

अण्णांनी नियम लिहिले, मतदान घेतलं, भांडण मिटवलं. सगळ्यांनी ग्रुपवर हात जोडले.

मग नऊ दिवस फोन वाजला नाही. दहाव्या दिवशी अण्णांनी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला रिंग द्यायला सांगितली. फोन खणखणीत वाजला.



घरी येऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "मंडळी, ‘ण’ बी चुकीच्याच जागी हाय, न्हवं?"