मागच्या चाकांचा धडा

"हँडब्रेक काढलास का?" गुरुदत्त सरांनी विचारलं.

"काढला सर. पहिला गिअर टाकलाय. पुढच्या चाकांना विटा लावल्यात."

"मग आता नट सैल कर. गाडी जमिनीवर आहे तोवरच. उचलल्यावर चाक फिरतं आणि माणूस तोंडावर पडतो."

रसिकाने पान्यावर पाय देऊन नट सैल केले आणि जॅक लावला. कोलशेतच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात सर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी शिकवायची रीत तीच होती. ते स्वतः कशाला हात लावत नसत. "हाताने केलेलं डोकं विसरत नाही," म्हणत.

सायकलची चेन, मिक्सरचा स्विच, सगळं ती त्यांच्यापाशीच शिकली होती. तिचे बाबा, उत्तम, सरांच्या मुलाकडे, साकेतकडे, ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी ते तिला कल्याणहून सोबत आणत आणि सरांजवळ सोडून कामाला लागत. आता ती आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकत होती. मागचे ब्रेक शिकवा, म्हणून वर्षभर मागे लागली होती. आज सकाळी साडेनऊला सरांचाच फोन आला. "लगेच ये. आज मागचे ब्रेक."

गेले वीस दिवस घरात कुणी धड जेवलं नव्हतं. जवळच्याच उतारावर याच गाडीने एका स्कूटरला धडक दिली आणि स्कूटरवरच्या बाईचा पाय मोडला. उत्तम सांगत होते, ब्रेक नीट लागलाच नाही. मागे बसलेल्या साकेतने पोलिसांना सांगितलं, ड्रायव्हर फोनवर बोलत होता. उत्तम जामिनावर सुटले, पण लायसन्स जमा झालं, नोकरी गेली. वर तुरुंगाची टांगती तलवार. पोलिसांनी गाडी वरवर पाहिली, कागद केले आणि परवा सोडून दिली.

फक्त सर म्हणाले होते, "मी उत्तमला ओळखतो. तो खोटं बोलणार नाही." त्या एका वाक्यावर घर तगून होतं.

चाक निघालं. रसिकाने ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट काढले.

"तारेने टांग त्याला. पायपावर लोंबू देऊ नकोस, पायपाला ताण बसतो."

तिने पॅड बाहेर ओढले आणि बघतच राहिली.

"सर, हे बघा! कागदाएवढंच उरलंय! बाबा साकेतदादाला दोनदा बोललेले. तर तो म्हणे, पुढचे बदललेत ना, मागचे बघू पुढच्या महिन्यात."

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"तुझे बाबा बरोबर होते," ते म्हणाले.

रसिकाला भरून आलं. "तुम्ही सांगाल ना साकेतदादाला?"

"आधी हातातलं काम. आता पॅडमागचा पिस्टन. पुढच्या चाकाचा दाबतात, मागच्याचा फिरवत आत न्यायचा. घाई केलीस तर रबर फाटेल."

तिने हळूहळू पिस्टन फिरवला. आणून ठेवलेले नवे पॅड बसवायच्या आधी सरांनी त्यांवर बारीक पॉलिशपेपर फिरवायला लावला. मग डाव्या चाकाला केलं तेच सगळं उजव्या चाकाला, या वेळी एक शब्दही न सांगता. सर नुसते बघत होते. तिचं कुठेही चुकलं नाही.

"आता ती खाली पडलेली काळी भुकटी ब्रशने वर लाव. सगळीकडे."

"लावू? आपण तर साफ करतो ना?"

"नवं काही दिसायला नको. साकेतला कळलं तर चिडेल, तुला गाडीला हात लावू दिला म्हणून. हे आपल्या दोघांतच हं."

रसिका हसली. वीस दिवसांत पहिल्यांदा.

जुने पॅड ती फडक्यात बांधू लागली.

"ते टाकून दे. घंटागाडी आली बघ."

"सर! तुम्हीच सांगता ना, जुना भाग जपून ठेवायचा, तोच बिघाड सांगतो?"

"सांगून झालं ना त्याचं? जा, पळ."

ती पळत गेली आणि चारही पॅड घंटागाडीत टाकून आली. गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबायचं, हे तिने न विचारताच केलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सकाळपासून त्यांनी हात लावला तो एवढाच.

"शंभरपैकी शंभर, बाळा."

संध्याकाळी कल्याणला ती घरात शिरली, तर उत्तम दारातच पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. आई डोळे पुसत हसत होती.

"अगं, तुला बोललो नव्हतो, होतंय की नाही म्हणून. वकिलांनी अर्ज केलेला, तो काल मंजूर झाला! उद्या अकराला आरटीओचे साहेब सोसायटीत येणार. मागची चाकं खोलून ब्रेक बघणार. माणूस खोटं बोलेल गं, लोखंड नाही बोलणार. घे, तोंड गोड कर."

रसिकाचा हात पुढे झाला नाही. नखांत काळी भुकटी तशीच होती.

"बाबा, हे... सरांना माहितीये?"

"म्हणजे काय! साकेत घरी नव्हता ना. सकाळी नऊला वकिलांनी नोटीस सरांच्याच हातात दिली."