निळ्या स्वेटरवाली

शिवणकामावर एकटीच पोट भरणाऱ्या मावशीने अखेर सोशल मीडियावर स्वतःचं पान काढायचं मनावर घेतलं. मशीनवर बसून, टायमर लावून तिने फोटो काढला. काढून द्यायला घरात दुसरं होतं कोण?

फोटो मिळताच, पान बनवून देणाऱ्या भाचीचा फोन आला. “झक्कास आलाय गं मावशी! फक्त फोटोत तुझ्या बाजूला आलेल्या बाईला कापते.”

“कुठली बाई? घरात मी एकटीच आहे.”

“काहीतरीच! ती मशीनवर बसलेली, निळ्या स्वेटरमधली. टेपसुद्धा गळ्यातच राहिलीय बघ तिच्या.”

मावशीने खाली स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. निळा स्वेटर. त्यावर लोंबणारी टेप.

“थांब, कापू नकोस—”

“कापलं पण! आता फोटोत तू एकटीच, खाली तुझं नाव ठसठशीत टाकलंय. किती वर्षांनी हसलीस गं!”