ओ

"सहकार आणि संगीत यांचा असा संगम मराठवाड्याच्या इतिहासात आजवर झाला नाही!" चेअरमन मोहनराव म्हणाले. संगमाला निदान दोन नद्या लागतात. त्या साली घाटनांदूरच्या आसपास एकीलाही पाणी नव्हतं. दुष्काळात दूध आटलं म्हणून दूध संघाची शेड रिकामी होती, आणि शेड रिकामी होती म्हणून संगीत होतं.

ऊसतोड मजुरांच्या वसतिगृहातली पोरं-पोरी ओळीनं उभी राहिली. पेटी नाही, तबला नाही. गाणं बसवणाऱ्या मॅडमनी हात उचलला आणि चार गटांनी चार वेगळ्या चाली एकदम सुरू केल्या.

"का रं, भांडण लागलं का?" ऐकायला आलेल्या आश्रुबानं शेजाऱ्याला विचारलं.

"न्हाई. संचालक मंडळाची बैठक दाखवायलेत."

पण बैठकीत कधी होत नाही ते इथं झालं. चौघांचं जुळलं.

मग सगळे थांबले आणि सत्यभामा एकटी पुढं आली. दोन शेतं ओलांडून जाईल अशी लांब हाक तिनं सुरात मारली, "आईऽऽऽ!" नव्या धर्तीच्या त्या गाण्यात यानंतर नुसती शांतता होती. मॅडमचा हात हवेतच थांबला.

"ओऽऽ! आले गं माय!"

मागं दारापाशी बसलेली तिची आई, केशरबाई, उठून चालायलासुद्धा लागली होती.

शेड हसली. मोहनरावही हसले, चेअरमनला शोभेल इतपत.

"मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "इथं उत्तर द्यायचं नसतं. ती हाक मारते आणि कुणीच ओ देत नाही, असं गाणं आहे ते."

"लेकरू हाक मारतंय अन् मी गप बसू व्हय?"

बाहेर मुकादमाच्या ट्रकनं हॉर्न दिला. ट्रक कर्नाटकातल्या कारखान्याला निघाला होता. केशरबाईचं बोचकं आणि कोयता आधीच वर चढले होते. आता मायलेकींची भेट थेट उन्हाळ्यात.

हॉर्न पुन्हा वाजला. केशरबाई दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून वळली.

"मॅडम, तेवढी हाक पुन्यांदा मारू द्या तिला," ती म्हणाली. "ह्या बारीला ओ न्हाई देत मी."