दोन्हींकडच्या

इरावतीने काचेवर तळहात टेकवला आणि स्मशानाचं फाटक उघडलं. मागून धाकट्या शाल्मलीने टेकवला, तेव्हा मात्र ते लगेच मिटलं.

"तुमचं फाटक नदीपलीकडे," पहारेकरी शाल्मलीला म्हणाला. "काच सांगते, रक्तातला आफ्रिकी अंश मर्यादेबाहेर जातोय."

"आम्ही सख्ख्या बहिणी आहोत," इरावती म्हणाली. "आत आमचे बाबा आहेत."

त्यांच्या आईची आई घानाहून पुण्याला शिकायला आली होती आणि इथल्याच माणसाशी लग्न करून राहिली होती. तिचं रक्त नातींच्या वाट्याला सारखं आलं नव्हतं. थोरलीकडे थोडं कमी आलं आणि धाकटीकडे थोडं जास्त.

"मी दोन्हींकडची आहे," शाल्मली शांतपणे म्हणाली. "दोन्ही फाटकं माझीच."

पहारेकऱ्याने नजर खाली वळवली. "ते ठरवणं आता आपल्या हातात नाही, बाई."

आतून बाबांचं नाव पुकारलं गेलं. शाल्मलीने बहिणीचा हात सोडला. "जा ताई. ते एकटे आहेत."

इरावती गेली. तिने एकटीने अग्नी दिला आणि बाहेर आली. शाल्मली तिथेच उन्हात उभी होती.

"चेहरा कसा होता गं?"

डोळे भरून आल्यामुळे इरावतीला चेहरा नीट दिसलाच नव्हता. "शांत," ती म्हणाली. "झोपल्यासारखा."

आणि तिला आठवलं, आई गेली तेव्हा नदीपलीकडच्या फाटकातून एकटी बाहेर येऊन शाल्मलीनेही बाबांना आणि तिला अगदी हेच सांगितलं होतं.